किरण बंद असताना

३ मार्च

आज सकाळी नऊ बावीसला स्फटिक तडकला.

प्रयोगशाळेच्या नोंदवहीत मी एवढंच लिहिलं, कारण तिथे याहून जास्त लिहायची पद्धत नाही. बाकीचं इथे लिहिते. कुठेतरी लिहिलं नाही तर घरात कुणावर तरी खेकसेन, आणि उद्या लेकीची चाचणी आहे.

स्फटिक म्हणजे तळहातावर मावेल एवढी फिकट जांभळी पट्टी. ती तयार व्हायला अकरा महिने लागतात. आमच्या यंत्राचं काळीज तीच. दोन्ही बाजूंनी डायोडचा प्रखर प्रकाश तिच्यात भरायचा, मग एका टोकाने लेसरचा बारीकसा किरण आत सोडायचा. तो आतला साठा गोळा करत जातो आणि दुसऱ्या टोकाने कित्येक पटींनी बलवान होऊन बाहेर पडतो. त्या किरणाचे ठोके इंजिनाच्या पात्यांवर दिले की पाती चिवट होतात. भरलेल्या प्रकाशातला काही भाग मात्र उष्णता होऊन स्फटिकातच राहतो. किती राहतो, त्याने स्फटिक कुठे किती ताणला जातो, कुठवर सहन करेल, हे संगणकावर आधी काढून देणं माझं काम. मी सही करायची आणि बटण दुसऱ्याने दाबायचं. उंटावरून शेळ्या हाकणारी, असं नवरा म्हणतो ते काही अगदीच खोटं नाही.

सकाळी यंत्र तापवणं सुरू होतं. रोजचंच, फक्त ताकद आज पहिल्यांदा पूर्ण होती. आधी वीस मिनिटं नुसते डायोड चालू ठेवायचे, सगळं स्थिरावू द्यायचं, मग किरण सोडायचा. मी शेजारच्या खोलीत चहा ओतत होते. “टक्” असा आवाज आला. पेला पडला तरी याहून मोठा आवाज होतो.

आत फक्त पानाकाका होते. आमचे सर्वांत जुने तंत्रज्ञ. नाव पगारपत्रकावर असेल, पण खिशात कायम एखादा पाना असतो म्हणून ते पानाकाका. स्फटिक चौकटीत बसवणं, आठ स्क्रूंनी आवळणं, पाण्याचे पाइप जोडणं, सगळं त्यांच्या हातचं. मी पोचले तोवर त्यांनी डायोड बंद केले होते. म्हणाले, “गेला, ताई.” घरातलं कुणी गेल्यावर सांगतात त्याच आवाजात.

खोटं कशाला लिहू? माझ्या मनात पहिला विचार काकांचा आला नाही, स्फटिकाचाही नाही. आला तो माझ्या सहीचा. जेवणाच्या सुट्टीपर्यंत संगणकावरचं मॉडेल तीनदा चालवलं. तिन्ही वेळा तेच उत्तर. या ताकदीला स्फटिकावरचा ताण फुटण्याच्या मर्यादेच्या निम्म्याहूनही कमी. जीव भांड्यात पडला. मग डबा खाल्ला.

४ मार्च

चौकशी झाली. चौकशी म्हणजे आमच्या प्रमुख, ज्यांना सगळे बाई म्हणतात, त्या, मी, काका आणि टेबलावर पांढऱ्या कापडावर दोन तुकडे.

सूक्ष्मदर्शकाखाली स्पष्ट दिसतं. चीर कडेपासून सुरू झाली आहे, बरोबर दुसऱ्या स्क्रूच्या दाबपट्टीखाली. बाईंनी विचारलं, “काका, स्क्रू मोजायच्या पान्याने आवळले होते का?”

“नाही, बाई. बोटांनी. नेहमीसारखे.”

मोजायचा पाना म्हणजे काटा असलेला पाना. किती जोराने आवळलं ते त्यावर दिसतं. तो कपाटात आहे, तेलाच्या कागदात गुंडाळलेला, आणला तसाच. काकांना लागलाच नाही कधी. बोटांना कळतं म्हणायचे.

“जास्त आवळला गेला असेल का?”

“माझा हात जड नाही, बाई.” मग तुकड्यांकडे बघत म्हणाले, “पण शेवटी हात आहे. यंत्र थोडंच आहे?”

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी मॉडेलचं सांगितलं. कडेला तर उष्णता सर्वांत कमी, कारण डायोडचा प्रकाश मध्ये पडतो. कडेला फुटायचं तर कारण बाहेरचं हवं. बाई म्हणाल्या, एका पानात लिहून दे.

लिहून दिलं. “औष्णिक ताणाने ही चीर स्पष्ट होत नाही. आवळणीत असमान दाब पडला असण्याची शक्यता अधिक.” कुणाचंही नाव लिहिलं नाही, मुद्दामच. नावं घालणं मला बरं वाटत नाही.

६ मार्च

काकांना भांडारात पाठवलं. तात्पुरतं, म्हणे. निवृत्तीला आठ महिने राहिले आहेत, म्हणजे तात्पुरतं नक्की किती ते कळेना. यापुढे सगळे स्क्रू मोजायच्या पान्यानेच आवळायचे असा लेखी नियम निघाला. नियम चांगलाच आहे. तो आधीच हवा होता.

दुपारी ते जिन्यात भेटले. मला अवघडल्यासारखं झालं, त्यांना नाही. “छकुलीचा चष्मा टिकला का?” विचारलं. लेकीच्या चष्म्याची दांडी गेल्या महिन्यात त्यांनीच बसवून दिली होती. टिकला म्हटलं. “मग झालं,” म्हणाले आणि वॉशरचे दोन डबे घेऊन खाली गेले.

११ मार्च

काका आज माझ्या खोलीत आले. दारातच उभे राहिले. बसा म्हटलं तरी बसेनात.

“ताई, एक विचारू का? रागावणार नाही ना?”

“विचारा की.”

“सकाळी किरण बंद असतो ना, नुसते डायोड चालू, तेव्हा परतीचा पाइप जास्त गरम लागतो. किरण सोडला की जरा निवतो. असं का?”

परतीचा पाइप म्हणजे स्फटिकाला गार करून बाहेर पडणाऱ्या पाण्याचा. मी सांगितलं, सकाळी पाणी स्थिर व्हायला वेळ लागतो, त्यामुळे तसं वाटतं.

“पाणी तर मी अर्धा तास आधीच सोडतो.”

“हाताला लागतं ते नेहमीच खरं नसतं, काका.”

“हातच नाही, थर्मामीटरही लावतो मी.” त्यांच्या हातात एक निळी वही होती. ती त्यांनी थोडी पुढे केली.

मला तीनला बैठक होती. तीनला पाच कमी होते. मग बघू म्हटलं. ते बरं म्हणाले, वही काखेत घातली आणि गेले.

वाईट वाटतं त्यांच्यासाठी. पस्तीस वर्षं ज्या हातांनी काम केलं त्यांच्यावर बोट ठेवलं गेलं की माणूस कारणं शोधतोच. मीही शोधली असती.

१२ मार्च

रात्री जेवताना पाइपची गोष्ट नवऱ्याला सांगितली. तो रुग्णालयात नर्स आहे. त्याने विचारलं, “मग वहीत काय होतं?”

“कुणास ठाऊक. बैठक होती.”

“आमच्याकडे पेशंट म्हणाला दुखतंय, की यंत्र काही का दाखवेना, आधी ऐकून घ्यावं लागतं.”

“स्फटिकाला दुखत नाही,” मी म्हटलं.

“मी स्फटिकाबद्दल बोलत नव्हतो,” तो म्हणाला आणि ताटं उचलायला लागला. कधी कधी हा माणूस उगाच कोड्यात बोलतो.

२६ मार्च

दुसरा स्फटिक आला. पहिल्याचा सख्खा भाऊ, एकाच मोठ्या स्फटिकातून कापलेला, आणि शेवटचा. बाईंनी दार लावून घेतलं आणि सरळच सांगितलं. पात्यांचे कारखानदार पंधरा एप्रिलला बघायला येणार आहेत. हा स्फटिक गेला तर प्रकल्प बंद. याहून दुसरं काही सांगण्यासारखं नाही, म्हणाल्या.

“तुझी सही दहा तारखेच्या आत हवी. नीट बघून दे.”

काकांच्या जागी एक फिटर घेतला आहे. कामाला स्वच्छ, पण घाबरट. मोजायचा पाना दोन्ही हातांनी धरतो, दिवा धरून अंधारात चालल्यासारखा. सध्या आम्ही यंत्र पाव ताकदीवरच चालवतोय.

१ एप्रिल

या वेळी स्फटिकाच्या कडेला सहा बारीक तापमापक चिकटवून घेतले. सावधगिरी म्हणून. आज पहिल्यांदा वाचन घेतलं आणि डोक्याला ताप झाला.

यंत्र तापवताना कडेचं तापमान मॉडेलपेक्षा चार अंशांनी जास्त. पाव ताकदीला चार अंश म्हणजे थोडं नाही. चिकटवायच्या गोंदाने होतं असं कधी कधी. मी मॉडेलमध्ये स्फटिक आणि चौकट यांच्यातल्या सांध्याचा एक आकडा थोडासा सरकवला. वाचन जुळलं. बरं वाटलं.

मग किरण सोडला. आता मॉडेल पाच अंश वर आणि तापमापक खाली. एकीकडे पांघरूण ओढलं की दुसरीकडे पाय उघडे.

आकडा तसाच ठेवून घरी आले. लेकीने विचारलं, आज काय केलं? मी म्हटलं, आकडे जुळवले. तिने विचारलं, म्हणजे खोटे? तिच्या वर्गात तसं म्हणतात, म्हणे. हसून वेळ मारून नेली.

२ एप्रिल

सकाळी भांडारात गेले. वॉशर हवेत असं सांगितलं. काकांनी कुठल्या मापाचे विचारलं तर मला सांगता येईना.  मग मीच म्हटलं, “काका, ती निळी वही बघू?”

त्यांनी ती खणातून काढून फडक्याने पुसून दिली.

तीन वर्षांची वही. यंत्र आलं त्या दिवसापासून. प्रत्येक पानावर तीन रकाने: तारीख, किरण बंद, किरण चालू. परतीच्या पाण्याचं तापमान. सुंदर, ठसठशीत अक्षर. मी पानं उलटत गेले. एकही दिवस असा नाही की किरण बंद असताना पाणी गार आहे. नेहमी एक अंश जास्त, कधी दीड. कुणी सांगितलं नव्हतं त्यांना हे लिहायला.

तिथेच, दोन फडताळांच्या मधे उभी असताना, माझ्या लक्षात आलं. आणि लक्षात आल्यावर वाटलं, हे न समजायला मी काय शाळेत होते का?

माझ्या मॉडेलमध्ये उष्णतेचा एकच आकडा आहे, शेकडा तीस. तो किरण पूर्ण चालू असताना मोजलेला आहे. किरण आतला साठा घेऊन बाहेर जातो, मागे तीस उरतात. पण किरणच नसेल तर साठा जाणार कुठे? तो स्फटिकाच्या आतच सगळीकडे फाकतो, आतून पृष्ठभागांवर आपटत आडवा पळत राहतो आणि शेवटी मुरतो तो कडेला. दाबपट्ट्यांखाली. रोज सकाळी वीस मिनिटं आम्ही हेच करत होतो. माझ्या मॉडेलला ती वीस मिनिटं माहीतच नव्हती. काम करणारा स्फटिक तेवढा मी मोजला, थांबलेला मोजलाच नाही.

खोलीत येऊन दार लावलं, सरकवलेला आकडा परत जागेवर नेला आणि नवं गणित घातलं. पाव ताकदीचं वाचन दोन्ही बाजूंनी जुळलं. मग तीन मार्चची ताकद घातली. ताण मर्यादेच्या वर. सर्वांत जास्त कुठे, तर कडेला, दुसऱ्या दाबपट्टीखाली.

 काकांनी आवळलं ते बरोबरच होतं. तो स्फटिक मी फोडला.

३ एप्रिल

आज दिवसभर स्वतःशी वकिली केली. इथे तरी नीट लिहून काढते.

मॉडेल दुरुस्त झालं आहे. उपाय सोपा आहे. डायोड लावताना पहिल्या सेकंदापासून मंद किरण आत सोडायचा, म्हणजे साठा तुंबणारच नाही. तेवढं सांगितलं की दुसरा स्फटिक सुरक्षित. मार्चमधलं टिपण फायलीत गेलंय, ते कोण उघडून बघतंय? टिपणात “शक्यता” असं लिहिलं होतं, “खात्री” असं नाही. काकांचं तर आठ महिन्यांत संपतंच आहे, नाही, सातच राहिले आता. भांडारात काम हलकं आहे. त्यांचा पगार तोच आहे.

हे सगळं लिहून पुन्हा वाचलं. एकही वाक्य खोटं नाही. तरी वाचवत नाही.

नवऱ्याने विचारलं, काय झालंय? काही नाही म्हटलं. त्याने अजून एकदा विचारलं असतं तर सांगितलं असतं. त्याने विचारलं नाही.

६ एप्रिल

बाईंना सांगितलं, म्हणजे अर्धं सांगितलं. तापवताना मंद किरण चालू ठेवू, अधिक सुरक्षित राहील. बाईंनी विचारलं, “आधी का नाही सुचलं?” मी म्हटलं, “नवे तापमापक लावल्यावर लक्षात आलं.” हेही खोटं नाही.

बाईंनी लगेच मान्य केलं. “छान काम,” म्हणाल्या. बाहेर आले तर पाय हलके आणि छाती जड. असं एकाच वेळी होतं हे आज कळलं.

फिटर जिन्यात मोजायच्या पान्याला तेल लावत बसला होता. म्हणाला, “मॅडम, मी नीट आवळीन हां. त्यांच्यासारखं नाही होऊ देणार.” मी मान हलवली. त्याला काही सांगितलं नाही. तोंडात मारल्यासारखं झालं, आणि मारणारी मीच.

७ एप्रिल

जेवणाच्या सुट्टीत भांडारात गेले. या वेळी वॉशरचं नाव काढलं नाही. काकांना सगळं सांगितलं, अगदी शाळेतल्यासारखं उभं राहून. वही बरोबर होती. मॉडेल चूक होतं. स्फटिक तुमच्या हाताने गेला नाही, माझ्या सहीने गेला.

ते स्टुलावर बसले.  मग म्हणाले, “म्हणजे दुसरा स्क्रू बरोबर होता.”

“आठही बरोबर होते.”

“नक्की ना?”

“नक्की.”

मला वाटलं होतं रागावतील. मी रागाची तयारी करून गेले होते. उलट त्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला आणि पुसतच राहिले. म्हणाले, “ताई, तुम्हाला म्हणून सांगतो. सुरुवातीला मला खात्री होती. पहिला आठवडाभर. मग म्हटलं, एवढी शिकलेली माणसं सांगतात, कागदावर आहे, मग असेल हात जड. परवा बायको म्हणाली, बरणीचं झाकण जरा घट्ट लावून द्या. बरणी हातात घेतली आणि खाली ठेवली. म्हटलं, तूच लाव. ती बघतच राहिली माझ्याकडे.”

मला रडू आलं. भांडारात, स्क्रूंच्या डब्यांसमोर. त्यांनी मला स्टूल दिलं आणि स्वतः उभे राहिले.

मी एका पानावर दोन वाक्यं लिहिली होती आणि कुणाचं नाव घातलं नाही म्हणून स्वतःची पाठ थोपटली होती. प्रयोगशाळेत स्क्रू आवळणारा माणूस एकच होता. नाव घालायची गरजच नव्हती.

उद्या सगळ्यांसमोर सांगणार. काकांना सांगितलं तर म्हणाले, “तुमच्या नोकरीचं बघा आधी.” हे तेच म्हणू शकतात.

८ एप्रिल

सांगितलं. सकाळच्या बैठकीत, सगळे बसल्यावर. चार मार्चचं टिपण आधी वाचून दाखवलं, मग निळ्या वहीतलं एक पान, मग नवं गणित.  फिटर माझ्याकडे न बघता टेबलाकडे बघत होता.

बाईंनी सगळ्यांना बाहेर जायला सांगितलं आणि मला थांबवलं. त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

“हे दोन तारखेला कळलं. सहा तारखेला तू माझ्याकडे आलीस. तेव्हा काय झालं होतं?”

“भीती वाटली.”

“चूक मी समजू शकते. ते मधले चार दिवस नाही समजू शकत.” मग खिडकीकडे तोंड करून म्हणाल्या, “त्या टिपणावर सही माझीही आहे. वही मीही मागितली नाही.”

पुढचे सहा महिने माझी सही एकटी चालणार नाही. प्रत्येक गणित दुसऱ्या कुणीतरी तपासायचं. जुनं टिपण रद्द करून नवं लावायचं, काकांच्या नावासकट, आणि ते मीच लिहायचं. रागाने नाही, पण कान लाल होईपर्यंत लाजेने लिहिलं. पाच वेळा खोडलं. शेवटी साधंच झालं.

संध्याकाळी घरी सगळं सांगितलं. नवरा म्हणाला, “अजून एकदा विचारायला हवं होतं मी.”

१३ एप्रिल

काल लिहायला वेळ झाला नाही, म्हणून दोन दिवसांचं आज लिहिते.

आज यंत्र पूर्ण ताकदीवर चाललं. पहिल्या सेकंदापासून मंद किरण आत, मग डायोड हळूहळू वर. कडेचे सहाही तापमापक गणिताच्या एका अंशाच्या आत राहिले. चाळीस मिनिटं मी काही प्यायले नाही, बसले नाही. स्फटिक शाबूत आहे. परवा पाहुणे येतील तेव्हा बटण बाई दाबणार आहेत.

पण मला लिहायचंय ते कालचं.

पूर्ण ताकदीच्या आधी स्फटिक उतरवून नव्याने बसवायचा होता. बाई स्वतः भांडारात गेल्या आणि काकांना घेऊन आल्या. तिथे त्या काय बोलल्या मला माहीत नाही, मी विचारलंही नाही. काकांनी हात धुतले, पुसले, पांढरे मोजे घातले. मग फिटरकडे हात पुढे करून म्हणाले, “तो काट्याचा पाना दे.”

 म्हटलं, “काका, बोटांनीच आवळा ना.”

“नको. आता नको, ताई. नियम आहे.”

नियमाची ढाल करत होते. चेहऱ्यावर दिसत होतं. कागद रद्द केला, नवा लिहिला, सगळ्यांसमोर वाचला, आणि तरी या माणसाच्या बोटांतून जे गेलं होतं ते गेलेलंच होतं. माझ्याकडे कुठलंच गणित नव्हतं त्यावर.

बाईच म्हणाल्या, “दोन्ही करा. आधी बोटांनी, मग पाना लावून बघा किती आलं ते. ही लिहून घेईल.” ही म्हणजे मी.

काट्यावर चाळीस यायला हवा होता. अडतीस ते बेचाळीस चालतो. काका वाकले. पहिला स्क्रू आवळताना बोटं दोनदा थांबली. आठही झाल्यावर ते सरळ उभे राहिले, आणि मग फिटरने एकेकाला पाना लावला.

पहिला, चाळीस. दुसरा, एकोणचाळीस. दुसऱ्याला पाना लावताना कुणी श्वास घेतला नाही. तिसरा चाळीस, चौथा चाळीस, पाचवा एक्केचाळीस. फिटर प्रत्येक आकडा मोठ्याने सांगत होता आणि दर वेळी त्याचा आवाज चढत होता. सहावा, चाळीस. सातवा, चाळीस. काकांचे खांदे हळूहळू खाली येत होते. मी डोळे पुसत लिहीत होते, कोण बघतंय याची पर्वा न करता.

आठवा, सेहेचाळीस.

फिटरचा आवाज एकदम पडला. मी पेन उचललं. म्हटलं, “काका, एवढा सैल करून परत आवळा. मग लिहिते.”

“परत आवळतोच. पण आधी हा लिहा.”

“अहो, सगळे बघत होते, हात जरा—”

“हो, घाबरून जास्त गेला. कळला मला बोटांना, आवळतानाच कळला.” ते हसले, महिनाभरात पहिल्यांदा. “सात माझ्या हाताचे आहेत, तर आठवाही माझ्याच हाताचा. लिहा, ताई. आहे तसा.”

मी लिहिलं. आठवा, सेहेचाळीस. त्यांनी नोंदवही माझ्यापुढून ओढून घेतली, चष्मा वर करून आठही आकडे नीट वाचले, आणि खाली आपली पूर्ण सही केली. मग मोजे काढून ठेवले आणि आठवा स्क्रू सैल करायला उघड्या बोटांनी वाकले.